भिडू मोजणारी माणसं

वऱ्हाडातल्या कुठल्याही गल्लीत डाव मांडला की एखादं बारकं पोरगं हमखास कडेला येऊन उभं राहतं. “मलेबी घ्या ना बे!” मोठी पोट्टी आधी कुरकुरतात. मग कुणाच्या तरी आईचा आतून आवाज आला, की त्याला घेतात, पण कच्चं लिंबू म्हणून. ते पळेल, ओरडेल, गुडघे फोडून घेईल. पण बाद होणार नाही, आणि त्यानं कुणाला शिवलं तरी ते धरलं जाणार नाही. बिचारं पहिल्या दिवशी खूश असतं. आपण खेळात आहोत पण हिशेबात नाही, हे कळायला त्याला फार दिवस लागत नाहीत.

व्हिडिओ गेमच्या धंद्यात हाच हिशेब मांडणारी काही माणसं आहेत. ती गेम बनवत नाहीत, चित्रं काढत नाहीत, संगणकाची भाषाही अनेकांना कामापुरतीच येते. त्यांचं शिक्षण समाजशास्त्रातलं, मानसशास्त्रातलं, मानववंशशास्त्रातलं किंवा संज्ञापनातलं. खेळात कोण आहे, कोण कडेला उभं आहे, आणि ज्याला घेतलं त्याला खरोखर धरलं का, हे शोधण्याचा त्यांना पगार मिळतो. नांदगाव खंडेश्वरच्या एखाद्या बापाला “पोरगी गेमवर संशोधन करते” असं सांगितलं तर तो आधी तिच्या हातातला मोबाईल काढून घेईल, हे मान्य. पण हे काम चैनीचं नाही, आणि नवंही राहिलेलं नाही.

निक यी यांचं उदाहरण घ्या. हजारो लोक एकाच वेळी ज्यात वावरतात अशा ऑनलाइन खेळांतल्या माणसांना त्यांनी 1999 च्या सुमारास प्रश्नावल्या पाठवायला सुरुवात केली. ‘डीडॅलस प्रोजेक्ट’ या नावानं ते काम वर्षानुवर्षं चाललं आणि हजारो खेळाडूंनी त्यांना उत्तरं दिली. पुढं स्टॅनफर्ड विद्यापीठातून संज्ञापनशास्त्रात डॉक्टरेट, मग संशोधन प्रयोगशाळा, मग युबिसॉफ्ट ही बडी गेम कंपनी, आणि 2015 मध्ये निकोलस ड्यूशनो यांच्याबरोबर ‘क्वांटिक फाउंड्री’ ही स्वतःची संस्था. खेळाडू का खेळतात, याची मोजणी करून ती गेम कंपन्यांना सांगणं हा या संस्थेचा व्यवसाय.

या संस्थेनं 2017 मध्ये अडीच लाखांहून जास्त खेळाडूंच्या उत्तरांवरून एक तक्ता मांडला. रंगीत गोळ्या जुळवण्याच्या आणि शेती-संसाराच्या गेममध्ये खेळणाऱ्यांपैकी 69 टक्के बायका निघाल्या. बंदुकीनं समोरच्याला टिपण्याच्या गेममध्ये 7 टक्के. क्रीडाप्रकारांच्या गेममध्ये फक्त 2. हा तक्ता पाहून ‘बायकांना मारामारी आवडत नाही’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण समाजशास्त्रज्ञाचं काम नेमकं इथूनच सुरू होतं. त्या गेममध्ये बाईला खेळता येईल असं पात्र तरी होतं का? माईकवर बाईचा आवाज ऐकू आल्यावर पलीकडून काय बोललं गेलं? ज्या वयात मुलगा रात्री मित्रांबरोबर तीन तास खेळत होता, त्या वयात मुलगी काय करत होती? आवड ही बऱ्याचदा मिळालेल्या जागेच्या मापानं शिवलेली असते, आणि टक्केवारीला ते शिवणकाम दिसत नाही.

कंपन्यांच्या आतही हा शोध चालतो, फक्त त्याचा हेतू जरा वेगळा. ‘हेलो 3’ हा गेम 2007 मध्ये बाजारात आला, त्याआधी मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेत सुमारे 600 सामान्य खेळाडूंना तो 3,000 तासांहून जास्त खेळायला लावला होता. या कामाचे प्रमुख होते रँडी पागुलायन, प्रायोगिक मानसशास्त्रातले डॉक्टर. माणूस कुठं रस्ता चुकतो, कुठं वैतागतो, कुठं मरतो, हे नकाशावर ठिपके टाकून पाहायचं; ठिपक्यांची गर्दी दिसली की तिथं गेमची रचना बदलायची. पद्धत उत्तम. पण प्रयोगशाळेच्या दारातून आत येतं कोण, यावर सगळं अवलंबून. ज्याला दिसत नाही, ज्याचा हात हलत नाही, ज्याच्याकडं गेमचं यंत्रच नाही, त्याचा ठिपका नकाशावर पडतच नाही. तो रस्ता चुकला हेही कुणाला कळत नाही.

आता हाच नकाशा नांदगाव खंडेश्वरवर ठेवून पाहू. अमरावतीहून यवतमाळच्या वाटेवरचं हे तालुक्याचं गाव. कापूस, सोयाबीन, तुरीचा मुलूख. तालुक्यातून आता समृद्धी महामार्गही गेलाय. इथल्या पोरांचा गेम म्हणजे टीव्हीला जोडायचं महागडं यंत्र नव्हे. गेम म्हणजे मोबाईल, आणि मोबाईल म्हणजे बहुधा घरातल्या कुणाचा तरी. बाप वावरातून येईपर्यंत तो घरी नाही, आणि आल्यावर चार्जिंगला. काचेला तडा गेलेला, साठवणुकीची जागा भरलेली, नवा गेम घ्यायचा तर आधी लग्नाचे व्हिडिओ पुसायचे. 2020 च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली, 2022 च्या फेब्रुवारीत फ्री फायरवर. पोरांनी दोन्ही वेळा काही ना काही वाट काढलीच. पण ही पोरं म्हणजे मुलगेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरतात असा मोबाईल होता फक्त 54 टक्के बायकांकडं. उरलेल्यांच्या बाबतीत ‘कोणता गेम आवडतो’ हा प्रश्नच आधी फोनपाशी अडतो.

गेम बनवणारे धरून चालतात की एक फोन म्हणजे एक माणूस. गेममध्ये एक नाव, एक खातं, एकाची प्रगती. प्रत्यक्षात एका फोनभोवती चारजण असतात. एकजण खेळतो, दुसरा “डावीकडून, डावीकडून!” म्हणून सूचना देतो, तिसरा आपली पाळी कधी येते याची वाट पाहतो, आणि चौथी, बहुतेक वेळा धाकटी बहीण, नुसती पाहते. गेमच्या कंपनीच्या नोंदवहीत हे चौघं मिळून एक खेळाडू असतात. त्याचं वय बापाचं आणि नावही बापाचं. एखाद्या संशोधकाला इथं काम करायचं झालं तर त्याला कंपनीच्या आकड्यांपेक्षा त्या ओट्यावर तासभर बसण्याचा उपयोग जास्त होईल. आईबापांची लेखी संमती घ्यायची, पोरांनाही विचारायचं, आणि मग गप्प बसून पाहायचं की फोन कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जातो, आणि कोणाच्या हातात कधीच जात नाही.

असं काम भारताच्या खेड्यांत झालेलं आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधन करणारे मॅथ्यू कॅम मोबाईलवरच्या खेळांतून खेड्यातल्या मुलांना इंग्रजी शिकवू पाहत होते. पण त्यांचे गेम मुलांना उमगेनात. खेळ म्हणजे काय, याची मुलांच्या डोक्यातली कल्पनाच वेगळी होती. तेव्हा कॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणक बाजूला ठेवला आणि मुलं गावात काय खेळतात ते विचारायला, पाहायला सुरुवात केली. उत्तर आणि दक्षिण भारतातल्या समुदायांकडून त्यांनी 28 गावठी खेळ टिपले, त्यांच्या नियमांची चिरफाड केली आणि व्हिडिओ गेमच्या नियमांशी ते ताडून पाहिले. 2009 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्यावरून केलेला नवा गेम मुलांना पहिल्यापेक्षा सहज कळला आणि जास्त रमवून गेला. मला या सगळ्यात आवडतो तो कामाचा क्रम. ‘मुलांना समजत नाही’ असा शेरा मारून परत न जाता ‘आपल्याला काय समजलं नाही’ याचा शोध त्यांनी घेतला. आपल्याकडं डाबडुबली, रेसटीप, लगोरी, आट्यापाट्या यांची अशी चिरफाड कुणी करायला बसलं, तर आट्यापाट्यांच्या एका मैदानातून दहा गेम निघतील.

समावेशक खेळ म्हणजे काय, हे मात्र मला सगळ्यात नीट कळलं ते एका मराठी माणसाच्या कामातून. त्याचा प्रांत बुद्धिबळ.

चारुदत्त जाधव यांची दृष्टी किशोरवयातच गेली. मुंबईचे हे गृहस्थ बुद्धिबळ खेळू लागले आणि पुढं अंधांसाठीच्या अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाचे संस्थापक झाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये संगणक आणि संकेतस्थळं दिव्यांगांना वापरता यावीत यासाठीच्या कामाची धुराही त्यांनी सांभाळली. त्यांनी ‘टॉक 64’ नावाची बोलणारी बुद्धिबळाची संगणकप्रणाली तयार केली. 64 म्हणजे पटावरची घरं. पडदा पाहण्याची गरज नाही. कळफलकावरून चाल करायची, समोरच्याची चाल कानांनी ऐकायची. न पाहताही खेळता येणारा हा संगणकी खेळ आपल्या मुंबईत, आणि तोही स्वतः न पाहू शकणाऱ्या माणसानं घडवला.

अंधांचा पट एकदा हाताखाली घेऊन पाहण्यासारखा असतो. काळी घरं पांढऱ्या घरांपेक्षा किंचित उंच. प्रत्येक घराच्या मधोमध एक भोक, आणि प्रत्येक सोंगटीच्या तळाला त्यात बसणारी खुंटी, म्हणजे बोटं फिरताना पट विस्कटत नाही. काळ्या सोंगट्यांवर एक वेगळी खूण, बोटाला लागेल अशी. दोन्ही खेळाडूंपुढं आपापला पट. चाल मोठ्यानं सांगायची, समोरच्यानं ती उच्चारून परत म्हणायची आणि आपल्या पटावर करायची. आता ‘बी’, ‘डी’, ‘ई’ ही अक्षरं ऐकण्यात घोटाळा होतो, म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत उभ्या रांगांना नावंच दिली आहेत. आना, बेला, सेझार, डाव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव्ह, हेक्टर. जर्मन वळणाची नावं.

पण या सगळ्यांत मला मोलाचा वाटतो तो एक बारीक नियम. बुद्धिबळात सोंगटीला हात लावला की ती खेळावीच लागते. अंध खेळाडू तर सोंगट्यांना सतत हात लावूनच पट ‘पाहतो’. मग नियम सैल करायचा का? ‘चालतं हो, त्याला दिसत नाही’ म्हणून सोडून द्यायचं का? तसं केलं असतं तर तो कच्चं लिंबू झाला असता. नियम करणाऱ्यांनी वेगळी वाट काढली. सोंगटी भोकातून उपसली, की ती ‘हात लावलेली’ धरायची. नियमाचा काच तेवढाच राहिला, फक्त तो जिथं लागतो ती जागा बदलली. म्हणून अंध खेळाडू डोळस खेळाडूसमोर बसतो तेव्हा त्याची जीत पूर्ण जीत असते, आणि हारही पूर्ण हार.

या जगाकडं एका समाजशास्त्रज्ञाचं लक्ष गेलं, ते इयन मॅकडोनाल्ड. खेळाचं समाजशास्त्र हा त्यांचा विषय. वंश आणि ब्रिटिश समाजातला खेळ यांवर त्यांनी ग्रंथ संपादित केला होता. नंतर ते कॅमेऱ्याकडं वळले आणि केरळच्या कळरी या युद्धकलेवर चित्रपट केला. पुढं त्यांनी भारतातल्या अंध बुद्धिबळपटू मुलांबरोबर जवळपास तीन वर्षं चित्रीकरण केलं, 2009 च्या स्वीडनमधल्या जागतिक कुमार स्पर्धेच्या आधीपासून ते 2011 च्या ग्रीसमधल्या स्पर्धेनंतरपर्यंत. त्यातून ‘अल्गोरिदम्स’ हा कृष्णधवल माहितीपट 2012 मध्ये आला. चारुदत्त जाधव त्यात आहेत, आणि तीन मुलं आहेत. त्यांतला एक दर्पण इनानी, वडोदऱ्याचा. हाच दर्पण ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझौच्या आशियाई पॅरा स्पर्धेत पूर्ण अंधांच्या गटात सुवर्णपदक घेऊन आला. रौप्य आणि कांस्यही भारतीयांनीच नेलं.

समाजशास्त्रज्ञाच्या कामाची एक गंमत या माहितीपटाच्या निमित्तानं सांगायला हवी. तीन वर्षं कुणी एकाच मुलांच्या मागं जात नाही, जर त्याला फक्त ‘अंध मुलं किती धीराची!’ एवढंच म्हणायचं असेल तर. एवढं तर एका संध्याकाळच्या बक्षीस समारंभातही म्हणता येतं, आणि आपल्याकडं म्हणतातच. तीन वर्षं लागतात ते हरलेलं पोर स्पर्धेनंतर बापाशी काय बोलतं, प्रशिक्षक कुणावर चिडतो, घरचे अभ्यासाकडं ओढतात की खेळाकडं, हे उलगडायला. दिव्यांग माणसाला हरण्याचा, आळशी असण्याचा, भांडखोर असण्याचाही हक्क असतो, हे फार थोड्या वर्णनांत दिसतं.

नांदगाव खंडेश्वरला हे समजवायला बुद्धिबळाचीही गरज नाही. हे गाव तिरंदाजांचं. एकलव्याच्या नावानं चालणाऱ्या अकादमीतल्या पोरापोरींनी मोठ्या स्पर्धा गाठल्या. इथं धनुष्य हातात घेतलेल्या कुणालाही शीतल देवी माहीत असते. जम्मू-काश्मीरच्या किश्तवाडची ही मुलगी, जन्मापासून दोन्ही हात नाहीत. पायानं धनुष्य धरते, खांद्यानं आणि जबड्यानं प्रत्यंचा सोडते. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारबरोबर तिनं मिश्र गटात कांस्य घेतलं. धनुष्य धरण्याची रीत बदलली, लक्ष्यावरची वर्तुळं बदलली नाहीत. दहाचं वर्तुळ कुणी तिच्यासाठी मोठं केलं नाही.

व्हिडिओ गेमवाल्यांना ही रीत उशिरा सापडली, पण सापडली. मायक्रोसॉफ्टनं 2018 मध्ये आणलेल्या ॲडॅप्टिव्ह कंट्रोलरला दोन मोठ्या चकत्या आहेत आणि मागच्या बाजूला साध्या हेडफोनच्या जाडीची 19 भोकं. ज्याला जो अवयव हलवता येतो त्याचं बटण तिथं जोडायचं. पायानं दाबायचं, कोपरानं दाबायचं, तोंडानं फुंकायचं. हे यंत्र एकट्या अभियंत्यांनी केलेलं नाही. दिव्यांग खेळाडूंबरोबर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या संस्था त्यात होत्या. 2020 मध्ये आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस, भाग 2’ या गेममध्ये साठहून जास्त सोयी होत्या. पडदा गडद-फिका करून माणसं वेगळी उठून दिसतील अशी सोय, पुढचा रस्ता आवाजानं सांगण्याची सोय, मजकूर वाचून दाखवणारा आवाज. सल्लागारांत ब्रँडन कोल हे अंध खेळाडू होते. अंध खेळाडूंनी हा गेम डोळस माणसाची मदत न घेता शेवटपर्यंत खेळून दाखवला. त्यात झोंबी आहेत, रक्तपात आहे, आणि अंध खेळाडूंनाही नेमकं तेच हवं होतं. त्यांच्यासाठी कुणी गोड गोड ‘विशेष’ गेम काढावा अशी त्यांची मागणी नव्हतीच.

अशा सोयी कंपनीच्या गळी उतरवायला संशोधकाच्या हाती एक हुकमी पत्ता असतो, तो म्हणजे आकडा. ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ या 2017 च्या गेममध्ये संवादांची अक्षरं पडद्यावर आपणहून येत नव्हती, चालू करावी लागत. युबिसॉफ्टनं मोजलं, तर सुमारे 60 टक्के खेळाडूंनी ती चालू केली होती. पुढच्या ‘ओडिसी’त ती आधीपासूनच चालू ठेवली, तेव्हा 95 टक्के लोकांनी ती बंद केलीच नाहीत. बहिऱ्यांसाठी म्हणून ठेवलेली सोय जवळपास सगळेच वापरतात. बाळ झोपलंय, पंख्याचा आवाज आहे, इंग्रजी उच्चार कळत नाही. यातलं शेवटचं कारण अमरावतीच्या पोरालाही लागू आहेच.

आपल्या घरातलाच एक गेम घ्या. नवी मुंबईच्या कंपनीनं 2016 मध्ये आणलेला लुडो किंग टाळेबंदीत घरोघर खेळला गेला. आज्या खेळल्या, नातवंडं खेळली. नियम शिकवावे लागत नाहीत, पाळी आल्यावरच बोट लावायचं, घाई नाही. समावेशक खेळाचे बरेच गुण लुडोत आपसूक आहेत. पण लुडोच्या पारंपरिक पटाकडं संशोधकाच्या नजरेनं पाहा. चारही भिडूंच्या सोंगट्या एकाच आकाराच्या, फरक फक्त रंगाचा. लाल, हिरवी, पिवळी, निळी. लाल-हिरवा फरक न दिसणारे पुरुष उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत बारांत एक असतात. आपल्याकडं प्रमाण त्याहून कमी आढळतं, पण प्रत्येक मोठ्या गावात अशी माणसं आहेतच. वाटेवर आलेली सोंगटी आपली की समोरच्याची, हे त्यांना अंदाजानं ठरवावं लागतं, आणि घरातले म्हणतात, “याचं ध्यानच नसते.” एका सोंगटीवर चांदणी, एकीवर चौकोन, एवढ्यानं भागतं. खर्च जवळपास शून्य. कुणीतरी आधी विचारलं पाहिजे, एवढंच.

आवाजाचा प्रश्न याहून चिवट. किशोना ग्रे या अमेरिकी संशोधिकेनं एक्सबॉक्सच्या ऑनलाइन खेळांत राहून तिथला व्यवहार टिपला. काळा खेळाडू माईकवर बोलला, की त्याच्या बोलण्याच्या ढंगावरून त्याला ओळखलं जाई आणि शिव्या सुरू होत. चेहरा दिसत नसतानाही वर्ण ऐकू येत होता. 2014 मध्ये त्यांचं यावरचं पुस्तक आलं. आपल्याकडं चेहरा दिसत नाही, आडनाव दिसत नाही, पण बोली ऐकू येते. वऱ्हाडातलं पोरगं अनोळखी चौघांच्या चमूत “काहून बे, मागं काहून राह्यला?” म्हणालं, तर पलीकडच्या महानगरी पोरांना त्यात नक्कल करण्याजोगं काय सापडतं, आणि त्यानंतर ते पोरगं माईक चालू ठेवतं की बंद करतं? हा उत्तम प्रबंधाचा विषय आहे. मुलींचं तर विचारूच नका; माईक बंद ठेवणं हीच अनेकींची खेळण्याची पहिली अट.

पात्रांची मोजणीही झाली आहे. दिमित्री विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 150 गेममधली साडेआठ हजारांवर पात्रं मोजली, तेव्हा बायका निघाल्या साधारण 15 टक्के. पण एड्रिएन शॉ यांनी 2014 च्या आपल्या पुस्तकात या मोजणीपुढचा पेच मांडला. कडेला पडलेल्या गटांतल्या खेळाडूंशी त्या सविस्तर बोलल्या, तर अनेकजण म्हणाले, पात्र आपल्यासारखं असलंच पाहिजे असं काही नाही. याचा अर्थ वैविध्य नको, असा शॉ लावत नाहीत. एखाद्या गटाला गिऱ्हाईक म्हणून खूश करण्यापुरतं त्यांचं पात्र टाकू नका, एकूण खेळाचंच जग मोठं करा, असं त्यांचं म्हणणं. हे मला पटतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये आणलेला ‘राजी’ मुलीला नायिका करतो, भावाला सोडवायला ती राक्षसांशी लढते. पण ‘मुलींसाठीचा गेम’ असा शिक्का त्यावर नाही. तो सगळ्यांचा साहसी गेम आहे आणि त्याची नायिका एक मुलगी आहे.

भारतात या वाटेनं गेलेले अभ्यासक आहेत. आदित्य देशबंधू यांनी हैदराबाद विद्यापीठात पीएच.डी. करताना गेम खेळणाऱ्यांच्या रोजच्या जगण्यात शिरून अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं ‘गेमिंग कल्चर(स) इन इंडिया’ हे पुस्तक 2020 मध्ये आलं, आणि आता ते इंग्लंडात एक्सेटर विद्यापीठात शिकवतात. कोलकात्याच्या समाजविज्ञान केंद्रातले सौविक मुखर्जी यांनी 2022 मध्ये भारतीय उपखंडातल्या व्हिडिओ गेमवर ग्रंथ लिहिला. मराठीत या विषयावर काही वाचायचं म्हटलं, तर बहुतेक मजकूर ‘मोबाईलचं व्यसन’ या एकाच मथळ्याखाली सापडतो. व्यसनाचा प्रश्न खोटा नाही. पण कोण खेळू शकत नाही हा प्रश्न त्याच्याखाली पार गाडला गेला आहे.

नोकरीचं म्हणाल, तर वाट सरळ नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. तो निर्णय मला योग्यच वाटतो, पण भारतीय गेम उद्योगातला पैशाचा मोठा ओघ त्याच खेळांत होता, हेही खरं. मुंबईत त्याच वर्षी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली. तिथं गेम घडवायला शिकवतील. मुंबई आयआयटीच्या आयडीसी संस्थेत अनिरुद्ध जोशी यांच्या गटानं ‘स्वरचक्र’ हा मराठी लिहिण्याचा कळफलक केला, तो कमी शिकलेल्या, पहिल्यांदाच स्मार्टफोन हाती घेतलेल्या माणसांचा विचार करणाऱ्या परंपरेतूनच आला. गेम संशोधकाला लागणारी बैठक तीच. आणि संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठातून समाजशास्त्र किंवा मानसशास्त्रात एम.ए. झालेल्या मुलीकडं मुलाखत घेण्याचं, प्रश्नावली करण्याचं, नमुना निवडण्याचं शिक्षण असतंच. तिला वरून शिकावं लागेल ते गेमच्या नोंदी वाचायला आणि थोडी संख्याशास्त्राची आकडेमोड करायला. बाकीचं शिक्षण तिच्याच तालुक्यात आहे. ओट्यावर एका फोनभोवती बसलेल्या चौघांत कोणाला कधीच पाळी मिळत नाही, याची नोंद करायला बंगळुरूच्या कंपनीला नांदगावला माणूस पाठवणं परवडत नाही. या मुलीला तिथं जायला एसटीचं तिकीट पुरतं.